खिळ्यांच्या मूर्तीसमोर कुमुद

कुमुद गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याकडेच जायला म्हणून आर्वीच्या एसटी डेपोत बसले होते. नागपूरच्या दवाखान्यात तिला भरती करून आठवडा होत आला होता. आदल्या दिवशी तिने भाच्याकरवी निरोप दिला होता, शैलाला म्हणावं येताना घरची कढी आण, इथली निव्वळ पाणी असते. कढीचा डबा मांडीवर, नागपूरची गाडी फलाटाला लागलेली, आणि फोनवर तिचा भाचा म्हणाला, "मावशी, कुठी आहात तुमी? ... निघू नका. आत्याले आमीच घेऊन येऊन राह्यलो." काय समजायचं ते समजले. कंडक्टरने दारातून विचारलं, "बाई, नागपूर ना? चढा लवकर." मी नुसती मान हलवली. गाडी निघून गेली. डबा अजून गरमच होता.

त्याला आता महिना उलटून गेला. तेरवीला जमलेल्या माणसांचं बोलणं कानावर पडत होतं. 'त्या आफ्रिकेवाल्या बाई', 'शाळेत खिळे ठोकलेलं भूत आणलं होतं त्याच ना?' ... गावाकडे तिची एवढीच ओळख उरली आहे, आणि तीही अर्धी चुकीची. ज्या दुपारवरून ही ओळख पडली ती दुपार मी तिच्या शेजारी उभी राहून पाहिली आहे. म्हणून हे लिहायला बसले.

कुमुद गुल्हाने आणि मी एकाच गल्लीतल्या, एकाच वर्गातल्या. तिच्या वडिलांची बाजारात कापसाची अडत होती, माझे वडील तहसील कचेरीत कारकून. मी बी.एड. करून गावच्याच शाळेत लागले आणि पुढे तिथेच मुख्याध्यापिका झाले. कुमुद नागपूरला इतिहास शिकली आणि मुंबईच्या एका मोठ्या संग्रहालयात गेली. तिला हवा होता नाण्यांचा विभाग. मिळाला आफ्रिकेचा, कारण तो कुणालाच नको होता. जिन्यामागचं दालन, अर्धे दिवे गेलेले, दारावर 'रानटी जमातींच्या वस्तू' अशी पाटी. फार पूर्वी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर व्यापार करणाऱ्या एका श्रीमंत घराण्याने जमवलेलं ते सगळं देणगी म्हणून आलेलं होतं... मुखवटे, कोरीव आसनं, हातमागाच्या अरुंद पट्ट्या जोडून केलेली कापडं, हस्तिदंताची कडी. पहिल्या दिवाळीला घरी आली तेव्हा रडवेली झालेली. "अडगळीत टाकलं गं मला," म्हणाली. पुढच्या दिवाळीला मात्र दालनाची पाटी उतरवल्याचं सांगताना तिचा चेहरा उजळला होता, आणि त्यानंतर जी बोलायला लागली ती शेवटपर्यंत थांबली नाही. कुठली वस्तू कुठल्या नदीकाठची, कुणी घडवली असेल, तिच्यापुढे बसून माणसं काय करत असतील, याचा शोध घेण्यात तिची तीस-पस्तीस वर्षं गेली. लग्नाचं कुणी विचारलं की म्हणायची, "माझ्याकडे आधीच एवढी माणसं आहेत सांभाळायला."

गावी आली की प्रत्येकाचा प्रश्न एकच, किमतीचा. एकदा जेवताना तिचा मोठा भाऊ वसंतदादा म्हणाला, "कुमे, त्या एका मूर्तीची किंमत किती म्हणतं तू?"

"विम्याच्या हिशेबानं आपली अख्खी बाजारओळ येईन, एवढी."

"अन् तू एवढ्याशा पगारात थे सांभाळतं?"

"दादा, थे किंमत हरवल्यावर मिळते. असते तोवर तिची किंमत कोनालेच मालूम नाई." असं म्हणून ती हसली, पण ताटातलं पुढे खाल्लं नाही. मुंबईत तिच्या दालनाची जागा दागिन्यांच्या प्रदर्शनाला द्यायचं घाटत होतं तेव्हा. दालनात माणूसच फिरकत नाही तर ठेवायचं कशाला, असं वरिष्ठांचं म्हणणं.

संग्रहालयातल्या काही वस्तू लहान गावांत नेऊन दाखवायची योजना निघाली ती साधारण याच सुमाराला. दुसऱ्या विभागांनी पुणे, नाशिक घेतलं. कुमुदने आर्वी मागितली. आणि नेण्यासाठी निवडलेल्या वस्तूंत तिने ती खिळ्यांची मूर्ती घातली. कांगो नदीच्या मुलखातली, कमरेइतकी उंच लाकडी मूर्ती. छातीवर, पोटावर, खांद्यांवर खिळे आणि लोखंडी पाती ठोकलेली, इतकी दाट की लाकूड जेमतेम दिसतं. पोटाशी आरशाचा तुकडा, तोंड थोडं उघडं, जणू काही विचारायला निघालं आहे. तिकडच्या भाषेत अशा मूर्तीला न्किसी म्हणतात. सहकाऱ्यांनी विरोध केला. जुनं लाकूड आहे, मुंबईच्या दमट हवेला सरावलेलं, तिकडच्या कोरड्या उन्हात काय होईल सांगता येत नाही. मीही फोनवर विरोध केला, वेगळ्या कारणाने. "कुमे, आपल्याकडे लिंबात टाचण्या दिसल्या तरी माणूस रस्ता बदलतो. हे पाहून काय म्हणतील लोक?"

"करणी म्हणतील. म्हणूनच आणायची," ती म्हणाली. "तिकडे खिळा म्हणजे शब्द गं. दोघांनी भांडण मिटवायचं, ह्याच्यापुढे उभं राहून शपथ घ्यायची, आणि खिळा ठोकायचा. जो शब्द मोडेल त्याला ही मूर्ती शोधत जाणार. त्या अंगावर जेवढे खिळे तेवढी मिटलेली भांडणं आहेत. मुंबईत लोक हिला पाहतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. आर्वीतला माणूस भिईल, पण भिऊन थांबेल तरी."

मार्चच्या सुरुवातीला प्रदर्शन आमच्या शाळेच्या सभागृहात लागलं. मूर्तीसाठी आणलेली काचेची पेटी वाटेत तडकली होती, तेव्हा कुमुदने मूर्ती कोपऱ्यात मुंबईहूनच आणलेल्या, काळ्या कापडाने मढवलेल्या लाकडी चौथऱ्यावर उघडीच ठेवली आणि पुढे दोरी बांधली. पहिले दोन दिवस तर जत्राच होती. बाया घाबरत-हसत यायच्या, म्हातारे चष्मे पुसून पाहायचे. वर्ध्याला हिंदी शिकायला आलेला कांगोचा एक विद्यार्थी, जोसेफ, बातमी वाचून पहिल्याच दिवशी एसटीने आला होता. कुमुदला वाटलं, आता हा आपल्यालाच चार गोष्टी शिकवेल. तो दोरीपाशी कितीतरी वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "मैडम, मैंने यह पहली बार देखा है। हमारे गाँव में एक भी नहीं बचा। सब बाहर के म्यूज़ियमों में है। इसे देखने के लिए मुझे आर्वी आना पड़ा।" मग जोसेफ रोजच येऊ लागला, पोरांना हिंदीतून सांगू लागला. पण मूर्तीच्या फार जवळ तो जात नसे. त्याची आई चर्चला जाणारी, आजी मात्र जुन्या वळणाची. आजीने लहानपणी सांगितलेलं त्याच्या मनातून गेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सहावीचा वर्ग प्रदर्शन पाहून गेला आणि त्याच संध्याकाळी त्या वर्गातल्या अंकिताला घरी झटका आला. डोळे फिरले, तोंडाला फेस. तिचा बाप गजानन, त्याचं डेपोपाशी टायरचं दुकान. त्याने पोरीला उचलून आधी इथल्या डॉक्टरकडे आणि तिथून गाडी करून नागपूरला नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला कळलं. मी सभागृहात गेले ते कुमुदला सांगायला. ती मूर्तीपुढे गुडघ्यांवर बसलेली होती. तिने बोटाने दाखवलं. मूर्तीच्या डाव्या खांद्याखाली एक भोक होतं, आतलं लाकूड ताजं, फिकं. खिळा नव्हता.

आम्ही चौथऱ्याच्या भोवती, फरशीवर, कापडाच्या घड्यांत, केराच्या टोपलीत, सगळीकडे शोधलं. मूर्ती चौथऱ्यावर पक्की बसवलेली असल्यामुळे ती हलवायची सोय नव्हती. मला म्हणायचं होतं, आत्ता कुणाला सांगू नकोस. पण तेवढ्यात मुंबईहून आलेला पहारेकरी शाळेच्या अंगणात जाऊन मोठमोठ्याने फोनवर ओरडू लागला, "साहेब, खिळा गेला! मूर्तीचा खिळा चोरीला गेला!" फाटकाशी रिक्षा लावून पालक उभे होते. सकाळचे वर्ग सुटेपर्यंत ती बातमी बाजारात पोचली असणार.

सभागृहाची किल्ली शाळेच्या पार्वताकडे असे. झाडलोट तीच करायची. आधी नवरा गेला, मग तरणा मुलगा गेला, तेव्हापासून ती एकटी राहायची, आणि तिच्या पाठीमागे दबक्या आवाजात आधीपासूनच बोललं जायचं. दुपारपर्यंत दोन गोष्टींची गाठ पडली. पोरगी आजारी पडली, त्याच रात्री खिळा गेला, आणि किल्ली कुणाजवळ तर पार्वताजवळ. कुणी म्हणे तिने खिळा घेऊन पोरीच्या नावाने पुरला. कुणी म्हणे त्या काळ्या पोराने तिला शिकवलं. मी पार्वताला माझ्या खोलीत बोलावून विचारलं, पर्यवेक्षकांनी विचारलं, पहारेकऱ्याने तर दरडावून विचारलं. ती एकच सांगत होती, "मी हात बी नाई लावला हो, मोठ्या बाई. मले त भेव वाटे त्याचं. दोरीच्या भाईरूनच झाडत होती मी." कुमुद तिथेच खिडकीशी उभी होती. ती बाहेर पाहत राहिली, बोलली नाही.

दुपारी फाटकाशी माणसं जमू लागली. आधी दहा-बारा, मग रस्ता भरला. त्यांतले निम्मे माझेच जुने विद्यार्थी, सोयाबीनच्या, कपड्यांच्या दुकानांतून उठून आलेले. मी पार्वताला प्रयोगशाळेत बसवून बाहेरून कुलूप लावलं. जोसेफला सभागृहातून बाहेर येऊ नकोस म्हणून सांगितलं. ठाणेदार आले. भला माणूस होता, पण त्याच्याजवळ शिपाई कमी होते. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, त्या बाईले आमच्या गाडीत बसवून द्या. चौकशीच्या नावानं घेऊन जातो, गर्दी आपोआप पांगते."

मला ते पटलं होतं. कुमुद म्हणाली, "नाही. या गर्दीतून ती पोलिसांच्या गाडीत बसली की गावाच्या लेखी तिनंच केलं. चौकशीतून सुटून येईल, पण या गावात पुन्हा राहू शकणार नाही."

"मंग तुमी काय करता?"

ती फाटकाकडे चालू लागली. मी मागोमाग गेले. ऊन रणरणत होतं, माणसांच्या कपाळावरून घाम गळत होता. सगळ्यांच्या पुढे गजानन उभा होता. पोरीजवळ बायकोला ठेवून तो नागपूरहून सरळ इथे आला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. मागून ओरडा चालला होता, पण तो हळू आवाजात बोलत होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"मॅडम, मले भांडन नाई करायचं. खिळा कुठी आहे थे सांगा. माही पोरगी तिकडे बेहोश पडली आहे. खिळा द्या, मी जातो."

"खिळा मी काढला," कुमुद म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. वस्तूंच्या बाबतीत ही बाई आयुष्यात खोटं बोलली नव्हती. साधा ओरखडा पडला तरी स्वतःहून वर कळवणारी. "सैल झाला होता, पडून हरवू नये म्हणून मीच काढून ठेवला," ती म्हणाली. मागून कोणीतरी ओरडलं, "मंग दाखवा ना! इथी आना!" गर्दी एकदम पुढे आली, फाटकाचा अडसर कुरकुरला. कुमुदने गजाननचा दंड धरला. "तुम्ही एकटे आत चला. बाकीचे इथेच थांबतील. चला."

आम्ही तिघं सभागृहात शिरलो. ठाणेदार दाराशी थांबले. जोसेफ भिंतीला टेकून उभा होता. बाहेरच्या आवाजाने त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. कुमुदने गजाननला मूर्तीसमोर नेऊन उभं केलं आणि म्हणाली, "खिळा माझ्याकडे नाही. कुठे आहे तेही मला माहीत नाही. बाहेर मी खोटं बोलले. पण पार्वतानं तो घेतलेला नाही, आणि तुमच्या पोरीचा याच्याशी काही संबंध नाही."

गजानन तिच्याकडे वळला. "कशाच्या भरवशावर म्हनता? तुमी मुंबईच्या. उद्या सामान बांधून चालल्या जासान. मले सांगा, कशाच्या भरवशावर?"

मग कुमुदने त्याला सांगितलं, जे ती चार दिवस सगळ्यांना सांगत होती, पण आता आवाज बसलेला होता आणि शब्द तुटत होते. की हे भूत नाही. की माणसं याच्यापुढे शब्द देत. शेताचं भांडण असो, बायको पळवल्याचं असो, कुणाच्या आजाराचं असो... शब्द दिला की खिळा. आणि शब्द खोटा ठरला तर मूर्ती त्या माणसाच्या मागे लागते, असं ते लोक मानत.

गजानन मूर्तीकडे बराच वेळ पाहत राहिला. बाहेर कुणीतरी फाटकाच्या पत्र्यावर दगड मारला, त्याचा आवाज आत घुमला. तो म्हणाला, "मंग घ्या शपथ. ह्याच्यापुढं. त्या बाईनं नाई घेतला म्हून. हात ठेवून घ्या."

कुमुद या वस्तूंना कधी उघड्या हाताने शिवत नसे. पांढरे हातमोजे चढवल्याशिवाय तिने मला साधं कापडाचं टोकही धरू दिलं नव्हतं. तिने हात पुढे केला तसा जोसेफ एकदम ओरडला, "मैडम, मत कीजिए! आपको पक्का पता है क्या? पता नहीं है तो मत कीजिए!" तो खरोखर घाबरला होता. बाहेरच्या गर्दीला तो जितका भ्याला नव्हता तितका आता तो या हाताला भ्याला होता. क्षणभर कुमुदचा हात हवेतच राहिला. मग तिने तो मूर्तीच्या खांद्यावर, खिळ्यांवर ठेवला. "पार्वतानं खिळा घेतलेला नाही," ती म्हणाली. "हे खोटं असेल तर जे व्हायचं ते माझं होवो. तिचं नाही, यांच्या पोरीचं नाही." तिच्या तळव्याला एका पात्याचं टोक लागलं होतं. हात काढला तेव्हा रक्ताचा एक थेंब दिसला, तो तिने पदराला पुसला.

खिशातून रुमाल काढून गजाननने तोंड पुसलं, आणि मागे न पाहता बाहेर गेला. आम्ही दारातून ऐकत होतो. फाटकाशी जाऊन तो मोठ्याने म्हणाला, "चला, निघा सगळे. खिळा बाईपाशीच आहे. म्या पाह्यला डोयानं." कुणीतरी म्हणालं, "पन गजाभाऊ..." तो त्याच्यावर खेकसला, "सांगतलं ना पाह्यला म्हून! माही पोरगी आहे का तुही? चाला घरी!" आणि तो स्वतः आधी निघाला. मग एकेक करून माणसं हलली. फाटकाबाहेरच्या उन्हात दोन-तीन सुट्या चपला तेवढ्या पडून राहिल्या.

अंकिताला फिटचा आजार निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि ती आठवडाभरात घरी आली. आज ती वर्ध्याला कॉलेजात आहे. तेरवीला बापासोबत आली होती, मला नमस्कार करून गेली. आमच्या शाळेतलं प्रदर्शन मात्र दुसऱ्याच दिवशी गुंडाळलं. पेट्या भरताना कुमुद एकटीच काम करत होती, कुणाला हात लावू देत नव्हती. मुंबईला जाऊन तिने खिळा आपल्या निष्काळजीपणाने हरवला असं स्वतःच सांगितलं, गावातल्या गोंधळाचं नाव घेतलं नाही. चौकशी बसली. आफ्रिकेचा विभाग तिच्याकडून काढला, आणि निवृत्तीपर्यंतचा काळ तिने प्रकाशनांच्या टेबलाशी, दुसऱ्यांची पुस्तकं तपासत काढला. तिच्या दालनाचं काय झालं, असं मी विचारलं की म्हणायची, "आहे. गर्दी होते म्हणे आता. आर्वीची बातमी छापून आल्यापासून लोक त्या भोकाकडे बघायला येतात." यावर हसावं की रडावं हे तिलाही कळत नसे.

निवृत्तीनंतर ती गावीच आली, तळेगाव रस्त्याला दोन खोल्यांचं घर बांधून राहिली. पुढच्या खोलीत भिंतभर तिच्या वस्तूंचे फोटो लावले होते. एका संध्याकाळी ओट्यावर बसून शेंगा सोलताना तिने मला ते सांगितलं. "शैले, मला माहीत नव्हतं गं. पार्वतानं घेतला की नाही, मला खरंच माहीत नव्हतं. तुम्ही सगळे तिला विचारत होता तेव्हा मी खिडकीतून बाहेर पाहत होते. मी तिला विचारलं नाही... 'हो' म्हणाली असती तर पुढे मला हात ठेवता आला नसता." मी म्हटलं, अगं लाकडाची मूर्ती ती. तिने हातातली शेंग न सोलताच खाली ठेवली. मग म्हणाली, "मी आयुष्यभर लोकांना सांगत आले की ह्याची किंमत लाकडात नाही, त्याच्यापुढे दिलेल्या शब्दात आहे. आणि मीच न जाणता शब्द दिला. जोसेफ बरोबर होता. रात्री झोप लागत नाही कधीकधी." मी चेष्टेवारी नेलं. पण त्यानंतर माझ्या लक्षात आलं, कुणी काही मागितलं की ती 'नक्की' म्हणत नाही. 'बघू', 'बहुतेक' म्हणते.

खिळा सापडला तो ती आजारी पडायच्या आदल्या वर्षी. संग्रहालयात जुने चौथरे मोडीत काढताना त्या काळ्या चौथऱ्याच्या पोकळीत मिळाला. आमच्या कोरड्या हवेत लाकूड सुकलं असणार, खिळा सैल झाला, आणि मूर्तीच्या पायाशी कापडाला फट होती तिच्यातून आत पडला असणार. म्हणजे सहकाऱ्यांचंच बरोबर होतं, ती मूर्ती इथे आणायला नको होती. कुमुदने ते माझ्याजवळ कबूलही केलं. "तरी पुन्हा विचारलंस तर आणीन," असंही म्हणाली. खिळा परत ठोकायचा अधिकार कुणाला, हे काही ठरलं नाही. तो लहानशा डबीत मूर्तीशेजारी ठेवला आहे म्हणतात. जोसेफ आता त्याच्या देशात परतून एका शाळेत शिकवतो. त्याला तिने तेव्हाच फोन केला होता. तो फोनवर रडला, एवढंच तिने मला सांगितलं. मुंबईहून निरोप आला त्या दुपारी मात्र ती चपला घालून घराबाहेर पडली होती, आणि कुठे गेली होती ते माझ्यापाशी बोलली नाही.

ते मला परवा कळलं. तिच्या घराची किल्ली भाच्याने माझ्याकडे ठेवली आहे. खिडक्या उघडायला म्हणून सकाळी गेले तर ओटा झाडलेला, आणि पार्वता पायरीवर झाडू घेऊन बसलेली. आता थकली आहे, शाळेतलं काम केव्हाच सुटलं. मी दार उघडलं तशी माझ्यामागून आत येऊन पुढची खोली झाडू लागली.

"काऊन येतं तू, पार्वता?" मी म्हटलं. "घर बंद आहे. कोणी पैसे देणार नाही."

"पैशासाठी येतो का मी, मोठ्या बाई?" ती वाकूनच म्हणाली. "थो खिळा सापडला ना, तवा बाई माह्या घरी आलती. चहा बी नाई घेतला. नुसती बसली हात धरून. मी म्हटलं, बाई, आता त तुमाले समजलं ना, मी नाई घेतला थे. त म्हने, मले त तवाच मालूम होतं, पार्वता." ती उभी राहिली, पदराने डोळे पुसले. "अन् खरंच मालूम होतं तिले. त्या दिवशी सगळ्यायनं इचारलं मले. येकट्या कुमुदबाईनं नाई इचारलं."

भिंतीवरचे फोटो तसेच होते. खिडकीशी कुमुदची बसायची वेताची खुर्ची होती, तिच्यावर घडी करून ठेवलेली शाल. पार्वता झाडू घेऊन तिथे थांबली होती.

मी खुर्ची उचलून धरली. तिने खालचा केर काढला.